हात यंत्राचा, जबाबदारी वैमानिकाची

विमान-अपघात झाला की एक प्रश्न हटकून विचारला जातो. यंत्र बिघडले, की माणूस चुकला? १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ असे २६० जीव गेले, तेव्हाही हाच प्रश्न पुढे आला. पुढील महिन्यात प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा नियंत्रित करणारे स्विच एकापाठोपाठ ‘बंद’ स्थितीत गेल्याची नोंद आहे. इंधन का तोडलेस, असे एका वैमानिकाने दुसऱ्यास विचारले आणि आपण तसे केलेले नाही, असे उत्तर दुसऱ्याने दिले, एवढेच त्यात नमूद आहे. कोणता आवाज कोणाचा, हेही त्या अहवालात सांगितलेले नाही. तरीसुद्धा अनेकांनी त्याच दिवशी निकाल देऊन टाकला. वैमानिकांच्या संघटनांनी त्यास तीव्र हरकत घेतली. प्राथमिक अहवाल हा निष्कर्ष नव्हे, हे त्यांचे म्हणणे तर रास्त होतेच. परंतु त्या हरकतीमागे एक जुनी अस्वस्थता होती, आणि तिचा विचार या निमित्ताने व्हावयास हवा.

ही अस्वस्थता यंत्राच्या द्वेषातून आलेली नाही. गेल्या चाळीस वर्षांत विमानाच्या चालककक्षातील एकेक काम यंत्राने आपल्याकडे घेतले. जबाबदारी मात्र पूर्वी होती तितकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, वैमानिकाच्या खांद्यावर राहिली. काम एकाचे आणि जाब दुसऱ्याला, ही स्थिती कोणत्याही कार्यालयातील कारकुनालाही खटकेल. फरक इतकाच की, कारकुनाच्या पाठीमागे दीडदोनशे माणसे पट्टे बांधून बसलेली नसतात.

यंत्राचे उपकार

स्वयंचलनाची बाजू दुबळी आहे, असे मात्र कोणी समजू नये. गारखेडा, चिकलठाणा या भागांतील जुन्या रहिवाशांना २६ एप्रिल १९९३ या दिवसाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. दिल्ली, जयपूर, उदयपूर असा प्रवास करीत तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान त्या दुपारी चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघाले. धावपट्टी संपता संपता ते कसेबसे जमिनीवरून उठले, पलीकडील बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या मालमोटारीवर आदळले, पुढे विजेच्या उच्चदाबाच्या तारांत सापडले आणि कोसळले. ११८ पैकी ५५ जण त्यात मृत्युमुखी पडले. विमानाचे नाक वर उचलण्यास वैमानिकांनी उशीर केला व ते चुकीच्या पद्धतीने उचलले, हे चौकशीत निघालेले एक कारण. विमानाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक विमानतळाच्या यंत्रणेने रोखून धरली नाही, हे दुसरे.

ते विमान संगणकीय पडद्यांच्या पिढीपूर्वीचे होते. त्याची भिस्त मुख्यतः वैमानिकाच्या हातावर होती, आणि हात चुकला. अशा चुका टाळण्यासाठीच तर यंत्र आले. १९१४ साली पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी या तरुण अमेरिकनाने दोन्ही हात वर करून आपले विमान प्रेक्षकांसमोरून नेले आणि भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे यंत्र विमान स्थिर ठेवू शकते, हे दाखवून दिले. १९६५ साली ब्रिटनमध्ये प्रवासी घेऊन आलेले विमान प्रथमच स्वयंचलित यंत्रणेने धावपट्टीवर उतरले. डिसेंबर २०१९ मध्ये एअरबस कंपनीने तुलूज येथील चाचणीत विमान आपोआप उडवूनही दाखविले. आज दाट धुक्यात दिल्लीच्या विमानतळावर विमान सुखरूप उतरते, त्याचे मोठे श्रेय या यंत्रणेला आहे. जगभर प्रवास कितीतरी पटींनी वाढला असताना अपघातांचे प्रमाण घटत गेले, त्यातही तिचा वाटा आहेच.

यंत्राचे ऐकले असते तर बरे झाले असते, असेही प्रसंग आहेत. २२ मे २०१० रोजी मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पुढे घसरून दरीत गेले आणि १५८ जण दगावले. भूमीच्या सान्निध्याचा इशारा देणारे यंत्र वारंवार बजावीत होते, सहवैमानिक उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास तीनदा सांगत होता, तरी मुख्य वैमानिकाने विमान उतरविण्याचा हेका सोडला नाही, असे चौकशीत स्पष्ट झाले. वैमानिकाची प्रत्येक कृती योग्य आणि यंत्राची प्रत्येक कृती संशयास्पद, असा दावा म्हणूनच कोणीही शहाणा वैमानिक करीत नाही. दहा तासांच्या रात्रीच्या प्रवासात विमान सरळ रेषेत धरून ठेवण्याच्या कंटाळवाण्या श्रमातून यंत्राने सुटका केली, याबद्दल त्यांच्यापैकी बहुतेक कृतज्ञच असतात. त्यांची तक्रार निराळी आहे.

बंगलोरचा धडा

ती समजून घेण्यासाठी १९९० सालाकडे वळावे लागते. इंडियन एअरलाइन्सने त्याआधीच्या वर्षी एअरबस ए-३२० ही नवी विमाने ताफ्यात आणली होती. तारा आणि कप्प्या यांच्याऐवजी संगणकामार्फत वैमानिकाची आज्ञा पंखांपर्यंत पोहोचविणारे हे विमान त्या काळी जगातही नवे होते. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले असे एक विमान बंगलोरच्या जुन्या विमानतळावर उतरताना धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण मरण पावले. इंजिनांत बिघाड नव्हता, हवामान स्वच्छ होते, आणि चालककक्षात अनुभवी वैमानिक होते.

घडले होते ते असे. विमान खाली आणताना इंजिनांची शक्ती किती ठेवावयाची, हे यंत्रणा ठरविते. परंतु त्यासाठी तिच्या निरनिराळ्या कार्यपद्धती असतात. एका पद्धतीत ती ठरलेला वेग राखते. दुसऱ्या पद्धतीत इंजिने मंद ठेवून विमान केवळ खाली उतरू देते. अखेरच्या टप्प्यात यंत्रणा पहिल्या पद्धतीत असावयास हवी होती. ती दुसऱ्या पद्धतीत राहिली. वेग घटत गेला आणि वैमानिकांच्या ध्यानात ही गोष्ट आली तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटी पूर्ण शक्ती दिली गेली. पण मंदावलेल्या जेट इंजिनांना पुन्हा जोर धरण्यास काही सेकंद लागतात, आणि तेवढे सेकंद शिल्लक नव्हते.

चौकशीने मुख्य दोष वैमानिकांना दिला. वेगाकडे लक्ष ठेवणे हे त्यांचे काम होते, यात वाद नाही. तथापि आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बोइंगच्या विमानांत यंत्रणेने शक्ती कमी-अधिक केली की इंजिनांच्या दांड्या वैमानिकाच्या हाताखाली सरकतात; हाताला न बघताही कळते. ए-३२० मध्ये त्या दांड्या जागच्या जागी राहतात. काय चालले आहे, ते पडद्यावरील अक्षरांतून वाचावे लागते. जुन्या पिढीचा वैमानिक अंगाने विमान ओळखीत असे; नव्या पिढीच्या वैमानिकाला ते वाचावे लागते. दोन्ही रीतींचे गुणदोष आहेत. परंतु हा पालट साधा नव्हता, आणि तो आत्मसात करण्यास वेळ व प्रशिक्षण लागणार, हे हिशेबात धरणे आवश्यक होते. अपघातानंतर ही विमाने काही महिने जमिनीवर ठेवण्यात आली. आज ती जगभर लक्षावधी उड्डाणे सुरक्षितपणे करतात, आणि चिकलठाण्यावर उतरणाऱ्या विमानांतही त्याच कुळातील विमाने नेहमीची आहेत. म्हणजे दोष केवळ यंत्राचा नव्हता. यंत्र आणि माणूस यांची ओळख पुरती होण्याआधी दोघांना एकत्र कामास जुंपले गेले होते.

गंजणारे हात

याच सुमारास अमेरिकेत अर्ल वीनर या संशोधकाने बोइंग ७५७ चालविणाऱ्या वैमानिकांची मते पद्धतशीरपणे तपासली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत वैमानिकांना नवे विमान आवडत असल्याचे दिसले. त्याच वेळी वर्षभराच्या अनुभवानंतरही यंत्रणेच्या वागण्याने आपण चकित होतो, असे सुमारे निम्म्या वैमानिकांनी सांगितले. हे काय करते आहे, असे का करते आहे आणि यानंतर काय करणार, हे तीन प्रश्न चालककक्षात वारंवार विचारले जातात, असे त्यांना आढळले. त्यापूर्वी, १९८३ साली, ब्रिटनमधील लिझॅन बेनब्रिज यांनी एका छोट्या निबंधात मूळ विसंगतीवर बोट ठेवले होते. सोपी कामे यंत्राकडे जातात आणि यंत्राला न झेपणारी तेवढी माणसाकडे उरतात. परंतु रोजच्या सोप्या कामातून होणारा सराव नाहीसा झाल्याने ती अवघड कामे करण्याची माणसाची पात्रताच कमी होत जाते.

ही गोष्ट छत्रपती संभाजीनगरच्या वाचकास सहज पटावी. गारखेड्याच्या सूतगिरणी चौकातून सकाळी वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे निघणाऱ्या कामगारांत हाताने लेथ चालविलेले जुने टर्नर आता थोडे. नवा तरुण संगणकावर चालणाऱ्या यंत्रासमोर उभा असतो. उत्पादन वाढले, माप अचूक झाले. परंतु हत्याराचा आवाज बदलला हे ऐकून यंत्र थांबविणारा कान रोजच्या वापरानेच तयार होतो. बँकेतील कर्मचाऱ्यांनाही याचा अनुभव आहे. १९८३ साली बँक कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, त्या वेळचे वाद ज्येष्ठांना स्मरत असतील. आज यंत्रणा बंद पडली की खिडकीमागचा कर्मचारी ‘उद्या या’ म्हणतो आणि ग्राहक कुरकुरत परततो. कारखान्यात एक नग वाया जातो, बँकेत एक दिवस वाया जातो. चाळीस हजार फुटांवर उद्या या, असे म्हणण्याची सोय नाही.

१ जून २००९ रोजी रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानावर हीच वेळ आली. अटलांटिक महासागरावर, रात्री, वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाच्या कणांनी काही काळ तुंबल्या. वेगाचे आकडे विश्वसनीय न राहिल्याने स्वयंचालकाने अंग काढून घेतले आणि विमान एकाएकी माणसाच्या हाती दिले. एवढ्या उंचीवर विमान हाताने सांभाळण्याचे पुरेसे प्रशिक्षण त्या हातांना मिळालेले नव्हते. विमानाचे नाक वर ओढले गेले, पंखांचा आधार सुटला आणि साडेचार मिनिटांच्या आत २२८ जणांसह विमान समुद्रात गेले. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने कंपन्यांना सूचना केली, की योग्य प्रसंगी वैमानिकांना हाताने विमान चालविण्यास उत्तेजन द्यावे. व्यवहारात मात्र वैमानिक सांशंक असतो. प्रत्येक उड्डाणाची नोंद यंत्रात होते आणि कंपनी ती तपासते. हाताने उतरविताना किंचित धक्का बसला, तर विचारणा होण्याची भीती. यंत्राकडे सोपविले, तर कोणी विचारीत नाही. मग सराव करावा कोणी आणि कशासाठी?

पाचांचे दोन

येथून प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. १९५० च्या सुमारास लांब पल्ल्याच्या विमानात दोन वैमानिक, एक अभियंता, एक मार्गनिर्देशक आणि एक रेडिओ-चालक असे पाच जण बसत. सुधारलेल्या रेडिओने पाचवा गेला, दिशादर्शक यंत्रांनी चौथा गेला. १९८० नंतरच्या दशकात संगणकाने उड्डाण-अभियंताही घालविला. एअर इंडियाच्या जुन्या जंबो विमानांत आणि इंडियन एअरलाइन्सच्या ए-३०० विमानांत हा तिसरा माणूस होता. नव्या विमानांत त्याची खुर्चीच उरली नाही. प्रत्येक वेळी यंत्राने काम सोपे केले हे खरे. परंतु प्रत्येक वेळी बचतीचा आकडा प्रथम मांडला गेला, हेही तितकेच खरे.

वगळलेल्या माणसाची किंमत कधी कधी योगायोगाने कळते. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियातील लायन एअरचे बोइंग ७३७ मॅक्स विमान समुद्रात कोसळून १८९ जण ठार झाले, आणि पुढील मार्च महिन्यात इथिओपियात त्याच जातीच्या विमानाने १५७ बळी घेतले. एका यंत्रणेने, एकाच संवेदकाच्या चुकीच्या मापनावर विसंबून, विमानाचे नाक पुनःपुन्हा खाली ढकलले होते. ही यंत्रणा विमानात आहे, याचा उल्लेखही वैमानिकांच्या पुस्तिकेत करण्यात आला नव्हता. आपल्याला न सांगता आपल्या हातांवर कोणी हात ठेवला होता, ही भावना त्या वेळी जगभरच्या वैमानिकांत उमटली. परंतु त्याहून बोलकी गोष्ट आदल्या दिवशीची आहे. इंडोनेशियातील त्याच विमानात आदल्या प्रवासात हाच बिघाड उद्भवला होता. तेव्हा चालककक्षात रिकाम्या आसनावर बसून प्रवास करणाऱ्या एका तिसऱ्या वैमानिकाने योग्य स्विच बंद करण्याचे सुचविले आणि विमान वाचले. दोघे चाकाशी झगडत असताना विचार करण्यास मोकळे असलेले एक डोके तेथे होते.

असे असूनही आता दोनांचा एक करण्याची भाषा चालू आहे. लांबच्या प्रवासात मधल्या टप्प्यावर एकच वैमानिक पुरे, असा विमान-उत्पादकांचा प्रयत्न आहे. युरोपातील वैमानिकांनी त्याला कसून विरोध केला, आणि सध्याच्या चालककक्षांच्या रचनेत दोन वैमानिकांइतकी सुरक्षितता सिद्ध करता येत नाही, असा अभिप्राय युरोपच्या सुरक्षा-संस्थेने २०२५ मध्ये दिला. म्हणजे दार तूर्त लोटले गेले आहे. त्याला कडी लागलेली नाही.

आपल्या देशात ही काटकसर निराळ्या रूपाने दिसते. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या कामावर मर्यादा घालणारे नियम दीर्घ वादानंतर २०२५ साली अमलात आले. त्यांची पूर्वकल्पना असतानाही देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीला पुरेसे वैमानिक उभे करता आले नाहीत. डिसेंबर २०२५ च्या आरंभी हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि शासनाने त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. विश्रांतीचा नियम आणि वेळापत्रक यांत संघर्ष झाला, तेव्हा माघार नियमाने घेतली. यंत्र थकत नाही, हे सत्य माणसाच्या थकव्याकडे दुर्लक्ष करण्याचे निमित्त होऊ पाहत आहे, ही वैमानिकांची भीती अवास्तव म्हणता येणार नाही.

खर्चाची बाजू

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात यंत्राची किंमत म्हणजे खरेदी, घसारा आणि दुरुस्ती. यंत्रामुळे माणसाच्या कौशल्यात होणारा घसारा त्या हिशेबात कोठेच येत नाही. तो ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो नसतो असे नाही; तो अपघाताच्या दिवशी एकदम वसूल होतो, आणि त्या दिवशी तो कंपनीकडून नव्हे तर प्रवाशांकडून वसूल होतो. स्वयंचलनाचा लाभ घ्यावयाचा असेल, तर हे कौशल्य जिवंत ठेवण्याचा खर्च त्याच्या किमतीचाच भाग मानला पाहिजे.

यासाठी काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. कृत्रिम विमानावरील तपासणीत ठरावीक संकटांची घोकंपट्टी न करता, यंत्रणा अनपेक्षितपणे सोडून गेली असता विमान हाताने सांभाळण्याचा सराव वाढविणे, हे पहिले. प्रत्यक्ष उड्डाणातही अनुकूल हवामानात हाताने चालविण्यास कंपनीने लेखी मुभा द्यावी, आणि उड्डाणाच्या नोंदी शिक्षेसाठी नव्हे तर शिकण्यासाठी वापराव्या, हे दुसरे. नव्या वैमानिकाला व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण करावे लागते आणि त्यासाठी अनेक कुटुंबे लाखो रुपयांचे कर्ज काढतात. मोठ्या विमानावर आल्यानंतर त्याच्या हातांचा सराव सुटू नये, ही जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्यांची आहे. तिसरी गोष्ट चौकशीची. विमान-अपघातांची चौकशी करणारी संस्था २०१२ पासून वेगळी आहे खरी. परंतु ती त्याच मंत्रालयाच्या छत्राखाली आहे, ज्याच्या अखत्यारीत विमानतळ आणि नियंत्रक येतात. १९९३ च्या येथील अपघातात एक दोष वैमानिकांचा आणि दुसरा विमानतळाच्या यंत्रणेचा निघाला होता. मृत वैमानिक बोलत नाही. यंत्रणा मात्र स्वतःची बाजू मांडू शकते. म्हणूनच चौकशी करणारा दोघांपासूनही सारख्याच अंतरावर असावयास हवा.

तोवर निदान सामान्य प्रवाशाने एवढे करावे. विमान आता आपोआपच चालते, वैमानिकाला काय काम, असे सहज बोलले जाते. ते बोलणे सोडून द्यावे. शंभरातील नव्याण्णव दिवशी ते बऱ्याच अंशी खरे असेलही. उरलेल्या एका दिवसासाठी वैमानिक तेथे बसलेला असतो. त्या एका दिवशी त्याचे हात तयार असावेत, त्याची झोप झालेली असावी आणि त्याच्या शेजारी दुसरा माणूस असावा, एवढ्याकरिता येणारा खर्च तिकिटात थोडा वाढला, तरी तो महाग म्हणता येणार नाही.